हेडलाइटवर होडीच्या रंगाचे शिंतोडे, प्लास्टिक खराब न करता कसे काढायचे?

बंदरकर_बंड्या
मंडळी, हर्णैहून लिहितोय. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, त्याच्या आत होड्या तयार करायच्या म्हणून इकडे सगळ्यांची धावपळ चाललीये, पाऊस जरा उघडला की गन, काँप्रेसर, डबे सगळं बाहेर. अशाच एका उघडीपीत शेजारच्या होडीला निळा रंग मारत होते आणि माझी गाडी नेमकी वाऱ्याच्या तोंडावर उभी. बॉडीवर फारसं टिकलं नाही, वॅक्स केलेलं होतं त्यामुळे शांपू लावून घासल्यावर बरंच निघालं. पण दोन्ही हेडलाइटवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके बसलेत, हात फिरवला की खरखर लागते. रात्री आंजर्ल्याकडे जाताना झोत नीट पडतच नाही, उजेड नुसता फाकतो.
होडीवाला ओळखीचाच. तो थिनरची बाटली आणि चिंधी घेऊन आला, म्हणे दे दोन मिनिटांत पुसून देतो. मी म्हटलं थांब जरा. नेटवर एक पेट्रोल सांगतो, एक टूथपेस्ट, एक सरळ दोन हजार नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात घासायचा पॉलिश पेपर. लाइट प्लास्टिकचे आहेत, २०१९ ची हॅचबॅक आहे. आठवडा होऊन गेलाय. काय करू?

घाटावरचा
पेट्रोल. फडक्यावर घ्यायचं, पुसायचं, विषय संपला. उगाच पीएचडी कशाला.

मालवणी_तिखट
बंड्या, थिनर लावन देव नको हां. माझ्या चुलतभावाच्या गाडयेक असाच झालेला. गॅरेजवाल्यान एन्सी थिनर मारल्यान, रंग गेलो पण लाइट असो पांढरो झालो की डोळ्यात मोतीबिंदू इल्यासारखो. मगे किती पॉलिश मारल्यान तरी काय नाय, शेवटी नवीन लाइट घालूक लागलो. म्हणान सांगतंय, बाटली होडयेतच ऱ्हांव दे.

लोटे_शिफ्टवाला
मालवणी भाऊ म्हणतात ते शंभर टक्के. मी लोट्याच्या एमआयडीसीत सॉल्व्हंटमध्येच, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवांतच, काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

आजकालच्या गाड्यांच्या हेडलाइटची पुढची ‘काच’ म्हणजे पॉलीकार्बोनेट. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पीसी’ कोरलेलं बऱ्याचदा सापडतं. हे प्लास्टिक हातोडी मारली तरी सहसा फुटत नाही, पण दोन गोष्टींत अगदी नाजूक. एक म्हणजे ओरखडा पटकन पडतो आणि दुसरं म्हणजे ऊन लागलं की पिवळं पडतं. म्हणून कंपनी त्याच्यावर एक कडक पारदर्शक लेप देते, काही मायक्रॉनचाच असतो पण ओरखडा आणि अतिनील किरण दोन्ही तोच अडवतो. तुला वाचवायचाय तो हा लेप. रंग आज ना उद्या निघेलच, लेप गेला तर परत येत नाही.

आता थिनर. एन्सी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचा, थिनर हा एकच एक पदार्थ नसतो, टोल्युइन, ॲसिटोन, एस्टर असं मिश्रण असतं आणि यातलं जवळजवळ सगळंच पॉलीकार्बोनेटला खातं. लेप धड असेल तर थोडा वेळ टिकाव धरतो, पण पाच-सहा वर्षं किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीचा लेप सगळीकडे धड कुठून असणार. जिथे तो झिजलाय किंवा बारीक ओरखडा आहे तिथून थिनर आत शिरतो. साच्यातून काढतानाच या लेन्समध्ये ताण राहिलेला असतो, तिथे सॉल्व्हंट पोचला की केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडतं. कधी लगेच, कधी नंतर, त्यामुळे पुसताना वाटतं अरे काहीच झालं नाही. आणि पांढुरकेपणा वरवरचा नसतो, पॉलिशने जात नाही, तुमच्या चुलतभावाचं तेच झालं. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे बहुतेक वेळा ॲसिटोनच, तोही नको. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रेसुद्धा नको.

घाटावरचे साहेब, पेट्रोलमध्येही टोल्युइन-झायलीनच्या जातीची द्रव्यं असतात, वर आता इथेनॉल. पडवीवर पॉलीकार्बोनेटचे पत्रे घालतो ना आपण, ते पत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या साफसफाईच्या सूचना बघा, पेट्रोल आणि ॲसिटोन वापरू नका हे त्यात असतंच. ताज्या रंगाचे शिंतोडे काढायला त्या आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा हलका नॅफ्था सांगतात, आणि नंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुवायला.

घाटावरचा
माझ्या बाइकचा हेडलाइट मी कायम पेट्रोलने पुसतो, आरशासारखा आहे.

लोटे_शिफ्टवाला
बाइक कुठली? जुनी असेल तर पुढे खरी काच असणार. नखाने टिचकी मारून बघा, काचेचा आवाज खणखणीत येतो, प्लास्टिकचा बद्द.

घाटावरचा
काच आहे. पण तुम्ही लोक घाबरवता फार.

रंगारी_काका
बंड्या, आधी एक सांग, रंग कुठला होता? सगळे थिनर थिनर करतायत, पण आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हा. डबा बघितलास का?

कारण असं की रंग तीन तऱ्हेचे. आपला साधा ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल, तो हवा खाऊन सुकतो. हाताला चिकटायचा थांबला म्हणजे सुकला असं नाही, आतून दगड व्हायला काही आठवडे जातात आणि या दमट हवेत तर अजून. दुसरा एन्सी, ज्याला जुने लोक डुको म्हणतात. त्यातलं थिनर उडालं की झाला सुकून, परत थिनर लागला की परत विरघळणार, पण प्लास्टिकवर त्याचा उपयोग शून्य कारण तेच थिनर लेन्सचा काळ. तिसरा पीयू (पॉलीयुरेथेन) किंवा इपॉक्सी, हार्डनर म्हणजे रंग कडक करणारं द्रव्य घालून मारतात, फायबरच्या होड्यांना हल्ली हेच जास्त. तो एकदा पकडला की कुठल्याच द्रवाला दाद देत नाही, तो उपटूनच काढावा लागतो.

पण एक तुझ्या फायद्याचं आहे. गनमधून उडालेला थेंब लांब जाता जाता हवेतच अर्धा सुकतो, गाडीवर पडतो तेव्हा तो नुसता वर बसतो, ब्रशने मारलेल्या रंगासारखा पसरून पकड घेत नाही. म्हणून तुला खरखर लागते. नख घालून बघ एखादा ठिपका उडतो का. उडाला तर कुठलंही औषध न लावता काम होणार आहे.

बंदरकर_बंड्या
काका, डबा बघून आलो. सिंथेटिक इनॅमल, टर्पेंटाइन घालून पातळ केलेला. आणि हो, नखाने उडतात काही, मोठे दोन-चार सोडून. बॉनेटच्या कडेला मात्र लाल ठिपकेपण आहेत, तो होडीच्या तळाचा रंग, त्याचा डबा वेगळा होता.

लोटे_शिफ्टवाला
तळाचा लाल म्हणजे शेवाळ-कालवं धरू नयेत म्हणून मारतात तो असणार, त्यात तांब्याचं ऑक्साइड असतं, विषारीच असतो तो. कोरडा अजिबात घासू नकोस, धूळ नाकात जाईल. जे काय करायचं ते ओलं, हातमोजे घालून. आणि ते पाणी विहिरीकडे नाहीतर पऱ्ह्यात जाईल असं धुवू नकोस.

सुरंगी
गुहागरहून. माझ्या मते या सगळ्याला एकच उत्तर, क्ले बार. मी गाडी स्वतःच धुते, सेंटरला देत नाही, तिथे एकाच फडक्याने चाकं आणि त्याच फडक्याने काचा पुसताना बघितल्यापासून. क्ले म्हणजे गाडीसाठी मिळणारी एक प्रकारची माती, मळून घेता येते, ऑनलाइन मिळते, रत्नागिरीत ॲक्सेसरीजच्या दुकानातही विचारून बघ. ‘फाइन’ लिहिलेलीच घे, जाडी नको.

पण क्लेच्या आधी गाडी धुणं महत्त्वाचं आणि लोक तिथेच घाई करतात. आपल्याकडे गाडीवर काय बसलेलं असतं आठव, जांभ्याची लाल धूळ, वाळू, वरून खाऱ्या वाऱ्याचं मीठ. हे सगळं असताना तू काहीही घासलंस, मग ते क्ले असो नाहीतर मलमल, ओरखडे पडणारच. त्यामुळे आधी नुसत्या पाण्याचा भरपूर मारा, मग शांपूचं पाणी, मऊ मायक्रोफायबर, परत पाणी. हेडलाइटच्या वरच्या फटीत वाळू लपलेली असते ती पाण्याने काढ, बोट घालून नको.

मग सावलीत, लेन्स गार असताना, बंपरच्या आणि बॉनेटच्या कडेला मास्किंग टेप लाव. क्लेचा छोटा तुकडा तोड, कोमट पाण्यात बुडवून मळ, चपटा कर. लेन्सवर शांपूचं पाणी सढळ हाताने शिंपड, एवढं की क्ले नुसता घसरला पाहिजे. आणि आता बोटांनी, जोर न लावता, सरळ रेषेत मागे-पुढे, गोल गोल नको. सुरुवातीला खरखर ऐकू येते, चिकटल्यासारखं लागतं, मग हळूहळू आवाज बंद होतो आणि क्ले गुळगुळीत सरकायला लागतो, म्हणजे तेवढा भाग झाला. क्लेवर निळं दिसलं की घडी घालून आतला स्वच्छ भाग वर आण. खाली पडला तर सरळ फेकून दे, परत धुऊन वापरायचा मोह नको, वाळूचा एक कण पुरतो. पाणी सुकू द्यायचं नाही, मध्ये मध्ये शिंपडत राहायचं.

जोर लावलास की लेन्स धुरकट होते, त्यामुळे हाताला सवय नसेल तर लहान भागापासून, कडेला, जिथून झोत जात नाही तिथून सुरू कर.

रंगारी_काका
+१ ताई, बरोबर सांगितलंत. मोठे दोन-चार ठिपके राहतील त्याला प्लास्टिकची पट्टी, एटीएम कार्डासारखी, साबणपाणी लावून आडवी धरून ढकलायची. ब्लेड नाही. ब्लेड पुढच्या काचेवर चालेल कारण ती खरी काच आहे, हेडलाइटवर ब्लेड म्हणजे लेप सोलून काढायचं काम.

नवा_पक्षी
रुमाल टाकून ठेवतो, आमच्या सोसायटीत पण गणपतीच्या आधी गेट-ग्रिल रंगवायला घेतात.
एक शंका, टर्पेंटाइनने रंग पातळ केला होता ना, मग टर्पेंटाइननेच का नाही पुसायचा? ते तर थिनर नाही.

लोटे_शिफ्टवाला
चांगला प्रश्न. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते मिनरल टर्पेंटाइन, पेट्रोलियमचंच. एन्सी थिनरच्या मानाने खूप सौम्य, पण त्यातसुद्धा थोडा ॲरोमॅटिक भाग असतो, म्हणून मी ते लेन्सला लावणार नाही. बॉडीच्या पत्र्यावरच्या रंगाला लावून बघा, कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग त्याला सहसा दाद देत नाही, तरी आधी दाराच्या आतल्या कडेला टेस्ट करायची.

लेन्सला क्लेनंतर काही उरलं तर आयसोप्रोपाइल. मोबाइल रिपेअरवाल्यांकडे असतं, ते बोर्ड त्यानेच पुसतात, तिथे कुठलं दुकान ते विचारून घ्या. निम्मं पाणी घातलं तरी चालतं. लेन्सवर ओतायचं नाही, फडक्यावर घ्यायचं, ठिपक्यावर क्षणभर दाबून धरायचं, पुसायचं आणि लगेच साबणपाण्याने धुवायचं. लाइट चालू करून गरम झालेली नको, उन्हातली नको, आणि आजूबाजूला कोणी बिडी ओढत नसेल बघा. सुकलेला ऑइल पेंट त्यात विरघळणार नाही, फक्त जरा सैल होतो, बाकी काम परत क्लेचंच.

ओतायचं का नाही, तर लेन्स आणि मागचं घर जिथे जोडलेलं असतं तिथे काळ्या चिकट ब्युटाइलसारख्या सीलंटची रेघ असते. पेट्रोल, थिनर, रॉकेल तिथे झिरपलं की ती फुगते, मऊ पडते. मग पावसाळ्यात आतून पाणी धरतं आणि माणूस म्हणतो कंपनीचा माल वाईट.

बाटलीवर ‘प्लास्टिकला चालेल’ लिहिलेले स्प्रेसुद्धा वाचून घ्या. डब्ल्यूडी-४० लोक सगळीकडे मारतात, पण ते बनवणारेच पारदर्शक पॉलीकार्बोनेटवर वापरू नका सांगतात.

सुरंगी
हेल्मेटबद्दल कोणीतरी बोला. माझ्या भावाने हेल्मेटवरचे रंगाचे ठिपके असेच कशाने तरी काढायला घेतले होते, मी ओरडले म्हणून थांबला.

लोटे_शिफ्टवाला
बरं झालं ओरडलात. व्हायझर बहुतेक पॉलीकार्बोनेटचाच, त्याला हाच न्याय. आणि हेल्मेटचं कवच प्लास्टिकचं असलं तर पेट्रोल-थिनरने ते आतून कमजोर होतं, वरून काही दिसत नाही. आतल्या स्टिकरवर तशी सूचना छापलेली असते, कोणी वाचत नाही एवढंच. हेल्मेट फक्त साबणपाणी. ठिपके राहिले तर राहिले.

विमा_पुराण
अवांतर वाटेल पण कोणीतरी क्लेमचा विचार करत असेल म्हणून लिहितो. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. काचेच्या पार्टवर शून्य, पण हेडलाइटला आपण काच म्हणतो म्हणून सर्व्हेअर काच धरत नाही. त्यावर सक्तीची कपात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस गेला तो वेगळाच. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, असेल तर घसारा वाचतो, बोनस नाही वाचत. एवढ्यासाठी क्लेम टाकू नका. होडीवाल्याकडून क्लेचे पैसे आणि एखादा पापलेट घ्या, त्यात फायदा आहे.

मालवणी_तिखट
बंदीत पापलेट खयसून हाडतलो तो? सुको बांगडो घे.

पेपर_मारके
सगळं ठीक आहे पण वॉटर पेपरला एवढं का घाबरताय? युट्यूबवर सगळे घासतात आणि लाइट नवा करकरीत दिसतो. टूथपेस्टने पण होतं.

रंगारी_काका
ते पिवळे पडलेले लाइट असतात रे बाबा. तिथे लेप मेलेलाच असतो, सोलायला लागलेला असतो, तो पूर्ण काढून टाकण्यासाठीच घासतात. हजार, पंधराशे, दोन हजार, तीन हजार असे पेपर पाण्यात मारत जायचं, मग कंपाउंड, आणि त्याच्यावर यूव्हीला टिकणारा क्लिअर कोट. हा शेवटचा भाग व्हिडिओत असतो पण लोक करत नाहीत. गिऱ्हाइकाला चकचकीत लाइट दाखवला, पैसे घेतले, संपलं. आणि इथल्या उन्हात असा उघडा लाइट काही महिन्यांत परत पिवळा. बंड्याचा लेप जिवंत आहे, फक्त वर घाण बसलीये, घाण काढायला लेप कशाला मारायचा? टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिशच, ती ठिपके काढणार नाही, लेप तेवढा घासेल.

बंदरकर_बंड्या
अपडेट देतो. सुरंगीताई, तुमच्या पद्धतीने केलं. क्ले पुण्याहून भाच्याने आणला. धुण्यातच अर्धा वेळ गेला, वरच्या फटीतून निघालेली वाळू बघून गप्प बसलो. क्ले फिरवायला लागलो आणि पहिल्यांदा काहीच होत नाही असं वाटलं, मग आवाज बंद पडत गेला आणि क्ले निळा. उजवा लाइट नुसत्या क्लेने स्वच्छ. डाव्यावर मोठे ठिपके होते, ते आयसोप्रोपाइल दाबून धरून, मग कार्डाने, मग परत क्ले. होडीवालाच टेप लावून द्यायला बसला होता, सारखा म्हणत होता थिनरने एव्हाना झालं असतं. लाल ठिपक्यांना हातमोजे घालून ओलाच क्ले लावला, निघाले. ते पाणी बादलीत धरलं.
आता डाव्या लाइटवर उजेडात तिरकं बघितलं तर किंचित धुरकटपणा आहे. त्याला काय करू? एक जण म्हणतो क्लिअर मारून घे.

सुरंगी
मस्त झालं की! धुरकट म्हणजे क्लेचे बारीक चरे. प्लास्टिकसाठीचं बारीक पॉलिश मिळतं, वाटाण्याएवढं मऊ फोमवर घेऊन हाताने फिरव, मशीन नको, मशीनने गरम होतं. जास्त वेळ नाही, लेप आहे लक्षात ठेव. मग वॅक्स किंवा सीलंट लाव आणि दर काही आठवड्यांनी लावत राहा, म्हणजे पुढच्या वेळी शिंतोडे पडले तर बॉडीसारखे धुताना निघतील. खर्च करायचा असेल तर पीपीएफ, म्हणजे वरून पारदर्शक फिल्म, ती खराब झाली तर फिल्म बदलायची, लाइट नाही.

रंगारी_काका
क्लिअर नको. एक तर लेप धड असताना त्याच्यावर न घासता मारलेला क्लिअर धरत नाही, पापुद्रे निघतात. आणि मारायचाच झाला तरी या दिवसांत नको. टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, क्लिअरच्या हार्डनरला ओल लागली की बुडबुडे येतात, चमक मरते, दिवसभर हवाच ओली असते आपल्याकडे. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही, घरी अंगणात मारायची वस्तूच नाही ती. ताईंनी सांगितलं तेवढं पॉलिश कर. दसऱ्याच्या पुढे हवा कोरडी झाली आणि तरी धुरकट दिसलं तर फोटो टाक, मग बघू.

नवा_पक्षी
काका, आमच्या ग्रिलवाल्याला गनऐवजी ब्रशने मारायला सांगू का?

रंगारी_काका
सांग. नाही ऐकला तर गाड्यांवर ताडपत्री टाका, पण आधी गाडी धुवा, धुळीवर ताडपत्री वाऱ्याने घासत राहिली तर शिंतोड्यांपेक्षा जास्त नुकसान. आणि जमलं तर सकाळी लवकर मारायला लाव, दुपारनंतर वारा चढतो.